चारशे दहा किलो

४ नोव्हेंबर

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर वाचल्याची खूणसुद्धा उमटत नाही. म्हणून हा कागद. सकाळी फिरायला जाताना तुझ्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवणार आहे. चार गल्ल्यांवर राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहावं लागतंय हे कळलं तर लोक मला वेड्यात काढतील. काढोत बापडे.

बातमी मोठी आहे, म्हणून आधी तीच. आमच्या शाळेची प्लॅस्टिक गोळा करायची स्पर्धा आता शहरातल्या सगळ्या शाळांत होणार. सगळ्या म्हणजे एकशे चाळीस! शिक्षण समितीने तसं मनावर घेतलंय. तीस तारखेला नगर सभागृहात मी भाषण करायचं आणि ती कशी घ्यायची ते सगळ्या मुख्याध्यापकांना समजावून सांगायचं. त्यानंतर शिक्कामोर्तब. सत्तावीस वर्षं मी पोरांना पानाचे भाग आणि पाण्याचा उत्कलनबिंदू शिकवला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता समितीचे अध्यक्ष स्वतः फोन करून मला ‘मॅडम’ म्हणतात. योजनेची प्रमुख म्हणून माझं नाव छापून येणार आहे.

चारशे दहा किलो, धाकटे. एका शाळेने, दोन महिन्यांत. जो वर्ग सगळ्यात जास्त वजन आणेल त्याला सहल, एवढंच तर ठेवलं होतं. एकट्या आठवी ब ने नव्वद किलो आणलं. असं काही या शहरात आधी कुणी करून दाखवलंय का, सांग बरं.

आईला घेऊन ये. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवायला सांगते. कडेला बसवलं की तिला ऐकू येत नाही आणि मग ती डुलक्या काढते.

बक्षीस समारंभात मी जे बोलले ते तू फारच मनाला लावून घेतलंस. मी नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. माइक हातात आला की माणूस चार वाक्यं जास्तीची बोलतो. फेब्रुवारीपासून नऊ महिने झाले, आता पुरे कर.

उत्तर दे.

तुझी,
थोरली

११ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र मिळालं हे मला माहीत आहे, कारण काल येताना पाहिलं तर ते पाकीट तुझ्या वजनकाट्याशेजारी, बरणीखाली दाबून ठेवलेलं होतं. फोडलेलं होतं, हेही पाहिलं.

आज एक गंमत झाली. गंमत म्हणते, पण मला हसू काही आलं नाही.

गेल्या वर्षीचं ते सगळं प्लॅस्टिक प्रयोगशाळेमागच्या खोलीत पोत्यांत भरून पडलंय. ज्या कारखान्याने नेतो म्हणून सांगितलं होतं तो फिरकलाच नाही. समितीचे लोक शाळा बघायला येणार, म्हणून मुख्याध्यापक मागे लागले की खोली मोकळी करा. मी आपल्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला बोलावलं. फुकट घेऊन जा म्हटलं. त्याने एक पोतं उघडलं, आत हात घातला, मूठभर पिशव्या बाहेर काढल्या आणि माझ्याकडे बघत बसला.

“बाई, हा कचरा नाही,” तो म्हणाला.

“मग काय आहे?”

“नवा माल आहे. कचरा कसा असतो ते मला विचारा. त्याला वास असतो, डाग असतात, कुठे मिठाचा खडा अडकलेला असतो. ह्या पिशव्यांचं तोंडसुद्धा कुणी उघडलेलं नाही. बघा, अजून चिकटलेल्या आहेत.”

दुसरं पोतं उघडलं, त्यात शाम्पूच्या पुड्या निघाल्या. त्या कापून, आतला शाम्पू तसाच ओतून टाकून, धुऊन वाळवलेल्या. तिसऱ्यात बाटल्या होत्या आणि बाटल्यांच्या बुडाशी वाळू. वजन वाढायला! मला पोरांच्या डोक्याचं कौतुकच वाटलं क्षणभर.

सगळी पोती काही तशी नसणार. दहातली दोन असतील, फार तर तीन. एवढ्या मोठ्या कामात थोडी लबाडी व्हायचीच. पोरं आहेत ती, साधुसंत नाहीत. भाषणात एक वाक्य घालेन की शिक्षकांनी नीट लक्ष ठेवावं.

तरी तुला का सांगतेय हे, कोण जाणे. आईच्या गुडघ्याला ते नवं मलम लावतेस ना? रोज दोनदा लावायचं असतं.

थोरली

१८ नोव्हेंबर

धाकटे,

मी सगळी पोती उघडली. एकूण बावीस. शिपाईमामा आणि मी, तीन दिवस, शाळा सुटल्यावर. नाकाला फडकं बांधून बसलो होतो, पण फडक्याची गरजच पडली नाही. खरा कचरा बावीस पोत्यांत मिळून साडेतीन पोती निघाला.

मग मी आठवी ब ला, म्हणजे आता नववी ब ला, वर्गात उभं केलं आणि विचारलं. ओरडले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही ओरडले. त्यांची मॉनिटर उठली. दोन वेण्यांची, चष्मेवाली, तुझ्याकडे वह्या घ्यायला येते ती.

“बाई, तुम्ही वजन करत होता,” ती म्हणाली, “म्हणून आम्ही वजन आणलं.”

मग सगळेच बोलायला लागले. चार खोडरबर घ्यायचे तर चार वेळा जायचं आणि चार पिशव्या मागायच्या. आईला सांगायचं, मोठी बाटली नको, पुड्याच घे, पुड्यांचं प्लॅस्टिक जास्त भरतं. एकाच्या मामाचं कापडाचं दुकान आहे, तिथून त्याने कोऱ्या पिशव्यांचा अख्खा गठ्ठाच उचलून आणला. त्या दोन महिन्यांत आपल्या भागात जेवढं प्लॅस्टिक वापरलं गेलं असेल तेवढं एरवी वर्षात वापरलं जात नसेल. आणि ते वाढवलं कुणी? प्लॅस्टिक कमी करायला निघालेल्या बाईंनी.

“आणि सगळ्या दुकानांत देत होते?” मी विचारलं.

“सगळ्या. फक्त मावशी देत नव्हत्या.”

मावशी म्हणजे तू.

मी त्याच दिवशी त्यांना पाचपाचच्या गटांत शाळेच्या आसपासच्या सहा-सात दुकानांत पाठवलं. बाहेर उभं राहायचं, एक तास, आणि किती पिशव्या हातोहात जातात ते मोजायचं, बाकी काही करायचं नाही. सगळ्यात कमी तुझ्याकडे. तासाला दोन. पुढच्या दुकानात एकेचाळीस. तुझ्या दाराशी एक खोकं आहे म्हणे, जुन्या कापडी पिशव्यांचं. ज्याच्या घरी जास्तीच्या आहेत तो टाकून जातो, जो विसरून आलाय तो घेऊन जातो आणि नंतर परत आणतो. लोक डबे घेऊन येतात, तू त्यात साखर, तांदूळ, तेल मापून देतेस. पोरांनी विचारलं, हे कधीपासून? तू म्हणालीस, झाली चार वर्षं.

चार वर्षं! मी त्या दारावरून रोज दोनदा जाते. मला वाटायचं, ते खोकं भंगाराचं आहे.

बक्षीस समारंभानंतर तुझ्या शटरवर ‘इथे पृथ्वीचे शत्रू राहतात’ असा कागद चिकटवला होता तो आमच्याच पोरांनी. हे तुला माहीत असणारच. तुला माहीत नाही ते असं, की तो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. काढायला सांगितला नाही. चौथ्या दिवशी तू सुरीने खरवडत होतीस तेव्हा मी पलीकडच्या बाजूने गेले.

याची मला लाज वाटते. स्पष्ट लिहिते, लाज वाटते.

थोरली

२४ नोव्हेंबर

धाकटे,

आज जे लिहायचंय ते लिहायला मी सकाळपासून चार वेळा बसले आणि चार वेळा उठून कपाटं आवरली. आता आवरायला कपाट उरलं नाही.

तुला आठवतं, बक्षीस समारंभाच्या आदल्या आठवड्यात तू भर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आली होतीस. हाताला पीठ तसंच होतं. सगळ्यांसमोर म्हणालीस, “ताई, तुझी पोरं दुकानांतून कोऱ्या पिशव्या गोळा करतायत. थांबव हे.” मी म्हटलं, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. तू एक शब्द न बोलता निघून गेलीस. मग समारंभात माइकवर मी म्हणाले, “काहींना आपल्या धंद्यापुढे साऱ्यांचं भलं दिसत नाही, आणि दुर्दैवाने अशी माणसं माझ्या घरातही आहेत.” नाव घेतलं नव्हतं हे खरं. पण मला बहीण एकच आहे आणि तिचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावर आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या आयांनी दुसऱ्या दिवसापासून तुझ्याकडे यायचं बंद केलं.

तू समजत असशील की ताईला तेव्हा कळलं नव्हतं, ती हट्टी आहे, तिचा विश्वास बसला नाही. गेल्या पत्रापर्यंत मीही तुला तसंच समजू दिलं.

मला माहीत होतं, धाकटे. तू यायच्या आधी आठ दिवस. स्टेशनरीच्या दुकानात मी मागे उभी होते आणि ती चष्मेवाली चार खोडरबर चार पिशव्यांत घेत होती. बाहेर पडून तिने खोडरबर खिशात घातले आणि पिशव्यांच्या घड्या करून दप्तरात. मला तेव्हाच सगळं लख्ख कळलं. विज्ञान शिकवते मी, मला कळणार नाही तर कुणाला? पण प्रमाणपत्र छापून आलं होतं, ढाल आली होती, वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी देत होतं. म्हणून मी त्या दुकानातून पेनची कांडी न घेताच परत आले आणि स्वतःला सांगितलं की मी काही पाहिलंच नाही.

मग तू आलीस आणि सगळ्यांसमोर तेच बोललीस. तू खोटं बोलली असतीस तर मला एवढा राग आला नसता.

आता तीस तारखेचं. मी गप्प राहिले तर एकशे चाळीस शाळा हेच करणार. बोलले तर ढाल जाईल, पद जाईल, शाळेची छीथू होईल. मुख्याध्यापकांना मी काल सांगितलं. ते म्हणाले, “बाई, चारशे दहा किलो हा आकडा खरा आहे की नाही?” म्हटलं, आहे. “मग तेवढंच सांगा. कुणी विचारलंय का, कुठून आलं ते?” भला माणूस आहे, पण निवृत्तीला त्याचं एकच वर्ष उरलंय.

मी बोलणार आहे. तू माफ करावंस म्हणून नाही. केलंस तर मला हवंच आहे, खोटं कशाला बोलू, पण बोलणार मी तसंही.

तीसला येऊ नकोस. आईलाही आणू नकोस. तुम्ही समोर असलात तर मला रडू येईल आणि लोकांना वाटेल नाटक करते.

थोरली

१ डिसेंबर

धाकटे,

झालं.

मी भाषणाचा कागद नेलाच नाही. शिपाईमामांबरोबर एक पोतं नेलं. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, फारच गोड शब्दांत. मग मी ते पोतं टेबलावर उपडं केलं. कोऱ्या पिशव्या घसरत पहिल्या रांगेपर्यंत गेल्या. म्हटलं, प्रत्येकाने एक उचला आणि वास घेऊन बघा. एकशे चाळीस मुख्याध्यापक पिशव्या हुंगतायत, असं दृश्य तू कधी पाहिलं नसशील. वास कशाचाच येईना.

मग सगळं सांगितलं. वजनावर बक्षीस ठेवलं की पोरं वजनच आणणार, हे कसं झालं, किती पोती, किती वाळू. एकजण मागून म्हणाला, “मॅडम, मग आम्ही लक्ष ठेवू की.” मी म्हटलं, “मीही ठेवलं होतं. मी स्वतः पाहिलं आणि गप्प बसले. तुम्हीही बसाल, ढाल समोर दिसली की.”

शेवटी म्हणाले, आणि हे शब्द न् शब्द लिहिते, कारण गेल्या वेळचे तुला शब्द न् शब्द पाठ असतील: “ही चूक मला वेळेवर सांगणारी एकच व्यक्ती होती. माझी धाकटी बहीण. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर तिचं किराणा दुकान आहे. मी तिला माइकवरून खोटं पाडलं, म्हणून आज माइकवरूनच सांगते, ती खरी होती आणि मी खोटी होते.” या वेळी नातं सांगितलं, दुकान सांगितलं, कोपरासुद्धा सांगितला. कुणाला शंका राहायला नको.

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. अध्यक्षांचा चेहरा पडला. स्पर्धा रद्द, माझं पदही गेलं, ढाल परवापर्यंत परत पाठवायची आहे. मुख्याध्यापक माझ्याशी फक्त सही घेण्यापुरतं बोलतात. नववी ब च्या दोन आया भांडायला आल्या होत्या, आमच्या मुलांना चोर ठरवलं म्हणून. मी म्हटलं, चोर मी आहे, मुलं आज्ञाधारक आहेत. त्या गोंधळून परत गेल्या.

तरी सांगते, माझी मान ताठ आहे. सत्तावीस वर्षांत एवढं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं.

आता एक मागणं. पोरं हिरमुसलीत. त्यांना करायचं तर आहे, पण काय ते समजत नाही. प्लॅस्टिक कशापासून बनतं हे मी फळ्यावर लिहून देईन. पण आठवड्याचं सामान पिशवीशिवाय घरी कसं न्यायचं, ते मला कुठे येतं? ते तुला येतं. नववी ब ला एक तास शिकवायला ये. माझ्यासाठी नको येऊस.

थोरली

१२ डिसेंबर

धाकटे,

तुझं उत्तर मी जपून ठेवलंय. पुठ्ठ्याच्या खोक्याची फाडलेली बाजू आणि त्यावर जाड पेनाने पाच ओळी: “पत्रं वाचली. बुधवारी तिसऱ्या तासाला येईन. पोरांसाठी. डबे त्यांनी आणावेत, काटा मी आणते. तू मधे मधे बोलायचं नाहीस.”

मी काही बोलले का? सांग ना, बोलले का? शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि जीभ दातांत धरून ठेवली. तू आलीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. खडू हातात घेऊन परत ठेवून दिलास, आणि टेबलावर काटा मांडलास. मग त्या चष्मेवालीला दुकानदार केलंस आणि बाकीच्यांना गिऱ्हाईक. मला वाटलं होतं, तू चार उपदेश करशील. एकही नाही. नुसतं सामान दिलंस आणि घेतलंस. ओला डबा आणला त्याला परत पाठवलंस, तांदूळ चिकटतात म्हणून. तेलाच्या बाटलीला झाकण नव्हतं तिला म्हणालीस, “आता चालत जाऊन दाखव.” तिची ओढणी भिजली, पण ती आता जन्मात विसरणार नाही. एकजण काहीच न आणता आला होता. त्याला वाटलं, तू रागावशील. तू म्हणालीस, “विसरतो माणूस. शेजाऱ्याकडे मागायचं. लाजायचं नाही.” आणि तो खरंच शेजारच्याकडे मागायला गेला.

पाऊण तासात तेहतीस पोरांचं सामान वाटून झालं आणि एक पिशवी लागली नाही. माझे चारशे दहा किलो एकीकडे आणि हा तास एकीकडे. मला तुझा अभिमान वाटला. हेवाही वाटला, तोही लिहून टाकते.

आणि मग तू अचानक मागे बोट केलंस.

“त्या शेवटच्या बाकावरच्या बाई. तुम्ही सांगा. गिऱ्हाइकाने घरचा डबा आणला. दुकानदाराने सगळ्यात आधी काय करायचं?”

अख्खा वर्ग मागे वळला. मी उभी राहिले. ठणकावून सांगितलं, “डबा स्वच्छ आहे का ते बघायचं.”

“चूक,” तू म्हणालीस. “ते गिऱ्हाइकाने घरी बघायचं. दुकानदाराने आधी रिकामा डबा तोलायचा. नाहीतर डब्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी. विज्ञानाच्या ना तुम्ही? बसा खाली.”

पोरं बाकं बडवून हसली. तूही हसलीस. नाही म्हणू नकोस, मी पाहिलं, काटा आवरायच्या निमित्ताने तू तोंड वळवलंस ते.

शनिवारी डबे घेऊन येतेय. कोरडे असतील, झाकणं असतील. माझ्याशी काय आणि किती बोलायचं ते तू ठरव, पण आईला एवढं आधी सांगून ठेव की तू मला सगळ्यांसमोर चूक म्हणालीस आणि मी एक शब्द न बोलता खाली बसले. तिला खरं वाटणार नाही.

थोरली